पुण्यात गाणं ऐकायचंय, तिकीट कुठे मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी रात्री मी येत्या आठवड्यातल्या मैफलींची यादी ओळखीच्या लोकांना पाठवते. यादी पोचली की अर्ध्या तासात प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले बहुतेक दर आठवड्याला तेच असतात. नवीन नोकरीला आलेली मुलं विचारतात, निवृत्त काका विचारतात, अमेरिकेतून डिसेंबरात येणारी मावशी सप्टेंबरापासूनच विचारायला लागते. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर.

१. अ‍ॅप उघडलं की स्टँड-अप आणि डीजे नाइटच दिसतात. पुण्यातलं बाकीचं गाणं कुठे कळतं?

अ‍ॅपवर दिसतं ते फक्त तिकिटाचं गाणं, आणि तेही सगळं नाही. मोठे कॉन्सर्ट, क्लबांमधले बँड आणि नाट्यगृहांतले नावाजलेले कार्यक्रम बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्टवर सापडतात. मराठी कार्यक्रमांसाठी ‘तिकीटखिडकी’ आणि ‘तिकिटालय’ ही दोन ऑनलाइन ठिकाणं वेगळी बघावीत. पण संगीत संस्थांच्या सभा, गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम, एखाद्या बुवांच्या पुण्यतिथीची मैफल, कुणाच्या दिवाणखान्यातली बैठक यांतलं तिथे जवळजवळ काही येत नाही. ते कळतं वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावरच्या ‘आजचे कार्यक्रम’मधून, नाट्यगृहाबाहेरच्या फलकावरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निमंत्रणपत्रिकांमधून.

सगळ्यात भरवशाची युक्ती सांगते. अशा कुठल्याही एका कार्यक्रमाला जा. दारात टेबलावर एक दोनशे पानी वही असते, तिला दोऱ्याने पेन बांधलेलं असतं. त्यात नाव आणि मोबाइल नंबर लिहा. नंबर स्वच्छ लिहा, कारण तो नंतर कुणीतरी चष्मा लावून एकेक करून फोनमध्ये भरणार असतो. त्यानंतर पत्रिका तुमच्याकडे आपोआप येत राहतात. मला येणाऱ्या निम्म्याहून जास्त पत्रिका अशा वह्यांमुळेच येतात.

२. कुठल्या सभागृहात काय असतं? नावावरून काही अंदाज येत नाही.

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं. तिथे नाट्यसंगीत, सुगम संगीत, जुन्या हिंदी गाण्यांचे वाद्यवृंद असं सगळं चालतं. टिळक स्मारक, भरत नाट्य मंदिर आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह यांचंही तेच, नाटकांच्या तारखांमधून उरलेल्या वेळात. स्वारगेटचा गणेश कला क्रीडा रंगमंच मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी घेतात.

मला स्वतःला लहान जागा आवडतात. हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह, शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, एरंडवण्यातलं द बॉक्स. तिथे तंबोरा जुळवतानाचा आवाजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत येतो. एकट्या गवयाचं गाणं हजार खुर्च्यांच्या सभागृहात ऐकणं आणि अशा ठिकाणी ऐकणं यांत फार फरक आहे. निवड करायची वेळ आली तर नाव थोडं कमी मोठं असलं तरी मी लहान सभागृह धरते.

भारत गायन समाज (भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापन केलेला) आणि गांधर्व महाविद्यालय या शिकवणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांचे कार्यक्रमही बाहेरच्यांना खुले असतात. बँड ऐकायचे तर कोरेगाव पार्क आणि बाणेर-बालेवाडीकडे वळा. तिथलं वेळापत्रक त्या त्या ठिकाणाच्या इन्स्टाग्रामवर असतं, दुसरीकडे शोधू नका.

३. वर्षातला चांगला काळ कोणता?

डिसेंबर आणि जानेवारी. डिसेंबरात सवाई (प्रश्न ७), मग वसंतोत्सव आणि स्वरझंकार. त्या दोन महिन्यांत एकाच संध्याकाळी तीन कार्यक्रम पडतात आणि घरात वाद होतात. दिवाळीत पहाटेच्या मैफली, गणपतीत पुणे फेस्टिव्हल आणि मंडळांचे कार्यक्रम, पावसाळ्यात मल्हाराच्या बैठका. आषाढातली गुरुपौर्णिमा विसरू नका. त्या सुमाराला गुरूंचे ज्येष्ठ शिष्य गातात, काही ठिकाणी स्वतः गुरूही गातात, आणि तिकीट बहुधा नसतं.

४. तिकीट ऑनलाइन काढू की खिडकीवर?

नाट्यगृहातला कार्यक्रम असेल आणि तुम्ही जवळ राहत असाल तर खिडकीवर. तिथे माणूस तुमच्यासमोर प्लॅन ठेवतो, म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. विकलेल्या जागांवर पेन्सिलीच्या फुल्या असतात. “ही कडेची देऊ का? मधली पाहिजे तर चार रांगा मागे जा,” असं तो सांगतो, आणि त्याला ते सभागृह अ‍ॅपपेक्षा चांगलं माहीत असतं. शिवाय अ‍ॅपवर हाऊसफुल्ल दिसलं तरी खिडकीवर जागा असू शकते, कारण आयोजक सगळा प्लॅन एकाच ठिकाणी देतोच असं नाही. याच्या उलटही होतं. खिडकी बहुधा सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते. दुपारी जाऊन बंद दाराशी उभं राहू नका.

क्लब, लॉन्स, स्टेडियम यांचं मात्र ऑनलाइनच काढा. तिथे प्रवेशद्वारावर तिकीट असलंच तर महाग असतं.

५. जागा कुठली घ्यावी? पहिली रांग सगळ्यात चांगली ना?

फोटो काढायचा असेल तर चांगली. रंगमंच उंच असतो, पहिल्या रांगेतून गाणाऱ्याची हनुवटी आणि मायक्रोफोनचा स्टँड दिसतो, शिवाय स्पीकरचा आवाज डोक्यावरून मागे जातो. सहाव्या-सातव्या रांगेपासून बाराव्यापर्यंत, मधल्या भागात बसा. बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे आवाज दबतो. त्यापेक्षा बाल्कनीतली पहिली रांग कितीतरी बरी, आणि बहुतेकदा स्वस्त. आजी-आजोबा बरोबर असतील तर मात्र बाल्कनी नको. जिने आहेत, आणि मध्यंतरात सगळे एकदम उतरतात.

६. “प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव” असं लिहिलेलं असतं. म्हणजे नक्की काय?

तीन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात.

‘प्रवेश विनामूल्य’ म्हणजे सरळ जाऊन बसायचं. ‘विनामूल्य प्रवेशिका’ म्हणजे फुकट असली तरी प्रवेशिका आधी घ्यावी लागते. ती कुठे मिळेल हे पत्रिकेत खाली बारीक अक्षरात असतं: एखादं वाद्यांचं दुकान, मिठाईवाला किंवा सभागृहाचं कार्यालय. बहुधा एका माणसाला दोनच देतात, आणि मोठं नाव असेल तर पहिल्या सकाळीच संपतात. तिसरा प्रकार ‘निमंत्रितांसाठी’. ते लिहिलेलं असेल तर ओळख काढल्याशिवाय जाऊ नका.

राखीव जागा पुरस्कर्ते, सभासद आणि कलाकारांच्या घरच्यांसाठी असतात. कधीकधी पुढच्या सहा-सात रांगांना दोरी लावलेली असते आणि दोरीमागे पाऊण सभागृह उभं असतं. कार्यक्रम सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, पहिला ख्याल जरा स्थिरावला की, स्वयंसेवक दोरी सोडतात. तोवर कडेला भिंतीशी उभं राहा, मागे जाऊन बसू नका.

रुमालाबद्दलही खूप जण विचारतात. हो, पुण्यात रुमाल ठेवून जागा धरतात. एका खुर्चीवर एक रुमाल लोक खपवून घेतात. एका बाईंनी एकदा एक ओढणी पाच खुर्च्यांवर आडवी पसरली होती. तिथे भांडण झालं आणि ते आलापीपर्यंत चाललं.

७. सवाईचं तिकीट कसं काढायचं? आणि नाव सवाई गंधर्व की भीमसेन?

दोन्ही. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. भीमसेनजींच्या निधनानंतर त्यांचंही नाव जोडलं गेलं, म्हणून आता ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’. बोलताना सगळे सवाईच म्हणतात. आयोजक आर्य संगीत प्रसारक मंडळ.

डिसेंबरात पाच दिवस असतो. पूर्वी रमणबागेत व्हायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. तिकिटं तीन तऱ्हांची असतात: सोफा, खुर्ची आणि भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवर. पाचही दिवसांचं सीझन तिकीट आणि त्या त्या दिवसाचं तिकीट असे दोन्ही पर्याय असतात. विक्री कधी आणि कुठे सुरू होणार हे वर्तमानपत्रात येतं. सोफा आणि पुढच्या खुर्च्या लवकर जातात. बैठकीचं सीझन तिकीट मात्र एखाद्या क्लबमधल्या एका संध्याकाळच्या खर्चापेक्षाही स्वस्त पडतं, आणि माझ्या मते खरा सवाई तिथेच आहे. घरून सतरंजी, पाठीला टेकायला उशी, शाल आणि पाण्याची बाटली न्या. संध्याकाळी सातनंतर मैदानात थंडी उतरते आणि स्वेटर न आणलेली माणसं लांबूनही ओळखू येतात.

स्वारगेट मेट्रो स्थानक जवळ आहे. गाडी नेऊ नका.

८. तिकीट ९९९ चं होतं, पैसे भरताना बाराशेच्या घरात गेलं. कसं काय?

दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे जीएसटी. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे, त्यावर गेलं की १८ टक्के, आणि तो पूर्ण रकमेवर. म्हणून इतक्या कार्यक्रमांचं तिकीट ४९९ किंवा ५०० ला थांबतं. आयोजकाने ९९९ हा दर कर सोडून लावलेला असेल तर तिथेच जवळजवळ १८० रुपये वाढतात. दुसरी गोष्ट अ‍ॅपचं सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावरचा वेगळा जीएसटी. चार तिकिटं काढताना ही रक्कम जाणवते, म्हणून शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच मित्रांना वर्गणी सांगा.

खिडकीवर सुविधा शुल्क नसतं (प्रश्न ४).

९. मोठ्या कॉन्सर्टची तिकिटं दोन मिनिटांत संपतात. मिळवायची कशी?

एड शीरन ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात यश लॉन्सवर गायला तेव्हा आणि त्याच महिन्यात नवी मुंबईत कोल्डप्ले आलं तेव्हा माझा फोन याच प्रश्नाने तापला होता. हमखास उपाय नाही. पण आदल्या दिवशीच अ‍ॅपमध्ये लॉग-इन करून ठेवा, कार्ड किंवा यूपीआय आधीच जोडून ठेवा, आणि रांगेत नंबर लागला की पान पुन्हा लोड करू नका, केलंत तर मागे जाता. कुठला विभाग घ्यायचा ते आधी ठरवा, दुसरा पर्यायही ठरवा. खुर्ची निवडायला बसलेला माणूस हरतो.

पहिल्या फेरीत नाही मिळालं तर लगेच दुप्पट पैसे मोजायला धावू नका. कोल्डप्लेचे आधी दोन कार्यक्रम जाहीर झाले होते, मागणी पाहून तिसरा वाढवला. आयोजक मागून राखीव तिकिटंही सोडतात, बरेचदा कार्यक्रमाच्या आठवड्यात.

१०. ग्रुपवर कुणीतरी “दोन पास आहेत, येणं जमत नाही” असं टाकतं. घ्यावेत का?

ओळखीचा माणूस असेल आणि तो गेटपाशी भेटणार असेल तर घ्या. अनोळखी असेल तर नको. तिकीट म्हणजे आता एक क्यूआर कोड, आणि त्याचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो. जो पहिला स्कॅन होईल तो आत, बाकीचे नऊ बाहेर. मी या नवांमध्ये उभी राहिले आहे. माझ्या पुढे एक मुलगा आणि मागे एक जोडपं, चौघांच्या मोबाइलवर तोच कोड, शेवटचे चार आकडेसुद्धा तेच. गेटवरचा पोरगा बिचारा माफी मागत होता, जणू चूक त्याची.

आता पास देणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते: तिकीट अ‍ॅपमधूनच माझ्या नावावर पाठवता येतं का? येत असेल तर ठीक. ‘नंतर पाठवतो, आधी पैसे टाका’ म्हणाला की संपलं. फसलाच असाल तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

११. कार्यक्रम रद्द झाला किंवा कलाकार बदलला तर पैसे परत मिळतात का?

रद्द झाला तर मिळायला हवेत. अ‍ॅपवरून काढलं असेल तर ज्या खात्यातून गेले तिथेच परत येतात, काही दिवस लागतात. खिडकीवरून काढलं असेल तर मूळ तिकीट दाखवावं लागतं, म्हणून कागद फेकू नका. पुढे ढकलला तर बहुधा तेच तिकीट नव्या तारखेला चालतं. तारीख जमत नसेल तर परतीची मुदत असते, ती चुकवू नका.

कलाकार बदलणं हे अवघड प्रकरण आहे. तिकिटावर ‘कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील’ असं छापलेलं असतं. चार कलाकारांच्या महोत्सवात एकाचा घसा बसला आणि दुसरा आला तर पैसे मागण्यात अर्थ नाही. पण एकाच कलाकाराच्या नावावर तिकीट विकलं आणि तोच आला नाही, तर आयोजकांना लेखी विचारा. दाद नाही लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

१२. लहान मुलाला नेता येईल? आणि माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला बँड ऐकायला सोडतील का?

नाट्यगृहात लहान मूल न्यायला हरकत नाही, पण वेगळी खुर्ची लागत असेल तर तिकीट लागतं. दाराजवळची, कडेची जागा घ्या म्हणजे रडलं तर पटकन बाहेर जाता येईल. शास्त्रीय मैफलीत तान चालू असताना मूल रडलं तर अख्खी रांग वळून बघते, हे सांगून ठेवते.

बँडचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. दारू मिळते तिथे अनेकदा २१ पूर्ण लागतात, काही ठिकाणी जास्त, कारण महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ अशी वयाची अट आहे. लॉन्सवरच्या मोठ्या कॉन्सर्टना बहुधा कमी वयाच्यांना सोडतात आणि मनगटाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात. तिकिटाच्या पानावर वयाची अट दिलेली असते. ओळखपत्र मूळ न्या.

१३. मैफल दहाला का बंद करतात? रात्रीचे राग ऐकायचे कधी?

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सणा-उत्सवांसाठी, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. एके काळी सवाई रात्रभर चालायचा, लोक पहाटेचा भैरव ऐकून तसेच कामावर जायचे. ते आता नाही. त्यामुळे सूट मिळालेल्या दिवशी मी दुसरं काही ठरवत नाही.

बंद सभागृहाला हा नियम तसाच लागू नाही, आवाज आतल्या आत राहत असेल तर. पण सभागृहाची स्वतःची वेळ असते आणि रखवालदाराला घरी जायचं असतं. रात्रीचं गाणं हवं असेल तर घरगुती बैठका शोधा (प्रश्न १), तिथे माइक नसतोच.

१४. पत्ता बरोबर टाकला तरी चुकीच्या गावी पोचलो. असं इतरांचंही होतं का?

माझं झालंय. आचार्य अत्रे रंगमंदिर पिंपरीतही आहे आणि कल्याणलाही. घाईत तिकीट काढलं, शहराचं नाव पाहिलं नाही, आणि पिंपरीच्या दारात उभी राहून कल्याणचं तिकीट दाखवत होते. तसंच यशवंतराव चव्हाणांचं: कोथरूडला नाट्यगृह आहे, मुंबईत नरिमन पॉइंटला त्यांच्याच नावाचं केंद्र. पैसे भरण्याआधी शहर वाचा. पुण्यात नुसतं ‘चव्हाण’ म्हटलं की कोथरूड, पण अ‍ॅपला ते माहीत नसतं.

१५. मी परदेशात असते, डिसेंबरात येणार. तिकडून बुकिंग होईल?

अडचण कार्डाची आणि ओटीपीची येते. अनेक ठिकाणी भारतीय मोबाइल नंबर लागतो, परदेशी कार्ड कधी चालतं कधी नाही. पुण्यातल्या भाच्याला किंवा मैत्रिणीला काढायला सांगा, पण तिकीट त्यांच्या अ‍ॅपमध्ये राहतं हे लक्षात ठेवा. एक तर ते तुमच्या नंबरवर पाठवायला सांगा, नाही तर त्यांनाही बरोबर न्या. दुसरा उपाय जास्त आनंदाचा आहे.

१६. उशीर झाला तर आत सोडतात का? आणि संपायच्या आधी उठलं तर?

शास्त्रीय मैफलीत राग चालू असताना दारातला स्वयंसेवक थांबवतो; बंदिश संपून टाळ्या पडल्या की सोडतो. क्लबात कुणी विचारत नाही. उठायचं असेल तर तसंच दोन चिजांच्या मध्ये उठा, समोरून वाकून जा, आणि मोबाइलचा टॉर्च लावू नका.

सवाईच्या शेवटच्या दिवशी मात्र आधी उठू नका. सगळ्या कलाकारांचं गाणं झाल्यावर खुद्द सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. गाडी आधी काढायची म्हणून निघालेले लोक तेव्हा गेटपाशी पोचलेले असतात, आणि त्यातले बरेच जण हातात किल्ली घेऊन तिथेच उभे राहतात.